शिसं, पेट्रोल आणि 'नॉर्मल'चा घोळ

शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, हे शाळेत कोणीतरी आपल्याला सांगितलेलं असतं. पेट्रोलमध्ये मात्र शिसं होतं आणि ते १९२३ पासून २०२१ पर्यंत, म्हणजे तब्बल ९८ वर्षं जगात कुठे ना कुठे विकलं जात होतं, हे मला तरी कोणी सांगितलं नव्हतं. इंजिनीअरिंगला असताना मेकॅनिकलवाल्या रूममेटच्या पुस्तकात 'अँटिनॉक एजंट : टेट्राइथाइल लेड' अशी एक ओळ वाचली होती. दोन मार्कांचा प्रश्न, पाठ करा आणि विसरा. त्या एका ओळीमागे केवढी मोठी भानगड आहे, ते गेले तीन वीकेंड वाचतोय. डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे उतरवून काढतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात आकड्यांपासून करू (सवय!). लहान मुलाच्या रक्तात किती शिसं सापडलं की काळजी करायची, याचा एक आकडा अमेरिकेची सरकारी आरोग्य यंत्रणा ठरवते. दर १०० मिली रक्तामागे किती मायक्रोग्रॅम, असं ते मोजतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. १९६० च्या दशकात हा आकडा होता ६०. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो ४० झाला. १९७५ ला ३०, १९८५ ला २५, १९९१ ला १०, २०१२ ला ५ आणि २०२१ ला ३.५.

आता बघा, या साठ वर्षांत मुलांची शरीरं तर बदलली नाहीत. शिशाचं रसायनशास्त्रही बदललं नाही. मग साठाचा साडेतीन कसा झाला? मोजमापाची साधनं सुधारली, अभ्यास वाढले, हे उत्तर खरं आहे पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की चाळीस वर्षं सगळं जग चुकीच्या शून्यापासून मोजत होतं. आणि तो शून्य कुठे आहे हे सांगणारा माणूस ते शिसं विकणाऱ्यांच्या पैशावर प्रयोगशाळा चालवत होता.

गोष्ट सुरू होते १९२१ मध्ये, अमेरिकेतल्या डेटन गावी. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात थॉमस मिजली नावाचा इंजिनीअर इंजिनाच्या 'नॉकिंग'वर उपाय शोधत होता. पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच, नको तिथे पेटतं आणि इंजिन ठोके मारायला लागतं, ते नॉकिंग. त्यामुळे कॉम्प्रेशन वाढवता येत नव्हतं आणि ताकद मिळत नव्हती. शेकडो पदार्थ टाकून पाहिल्यावर ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राइथाइल लेड सापडलं. जेमतेम चिमूटभर टाकलं की ठोके बंद.

गंमत म्हणजे इथेनॉलनेही नॉकिंग थांबतं, हे या मंडळींना माहीत होतं. आज आपण पंपावर जे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरतो, तेच इथेनॉल. पण ते कोणीही शेतकरी आंबवून बनवू शकतो, त्याचं पेटंट कसं घेणार? शिशाच्या संयुगाचं घेता येत होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. पुढच्या वर्षी जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून कंपनी काढली आणि मालाला नाव दिलं 'एथिल'. नावात शिशाचा उल्लेखही नाही. मार्केटिंगवाले तेव्हाही हुशारच होते.

शिसं विषारी आहे हे कोणाला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. रोमन काळातल्या व्हिट्रुव्हियसनेही शिशाच्या नळांबद्दल सावध केलं होतं. मिजलीला शोध लागला त्याच १९२१ साली जीनिव्हामध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घराच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेदा वापरण्यावर बंधनं घालणारा करार मंजूर केला होता. खुद्द मिजली १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या विषबाधेने आजारी पडून फ्लोरिडाला हवापालटासाठी गेला होता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत या रसायनाच्या विभागातले कामगार भ्रमिष्टासारखे वागायला लागले. काही दिवसांत पाच जण दगावले, तीसहून अधिक जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, काहींना बांधून ठेवावं लागलं. पेपरवाल्यांनी त्या रसायनाला 'वेडा गॅस' म्हणायला सुरुवात केली. मग ३० ऑक्टोबरला मिजलीने पत्रकार परिषद घेतली. सगळ्यांसमोर हे रसायन हातांवर ओतून घेतलं, बाटलीला नाक लावून मिनिटभर वास घेतला आणि सांगितलं की हे मी रोज केलं तरी मला काही होणार नाही! स्वतःची फ्लोरिडाची ट्रिप तेव्हा त्याच्या लक्षात नसावी :)

तरी प्रकरण तापलं. मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली आणि तोवर कंपनीने विक्री थांबवली. औद्योगिक आजारांच्या अभ्यासक डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी तिथे जे सांगितलं ते आज वाचताना काटा येतो. त्यांचं म्हणणं असं, की कारखान्यातल्या पाच मृत्यूंपुरता हा प्रश्न नाही. रस्त्यावरची प्रत्येक गाडी रोज थोडं थोडं शिसं हवेत सोडेल, ते धुळीत बसेल आणि इतक्या हळू साचेल की लोकांना कळेपर्यंत सगळं जग त्यावर चालत असेल.

इथे 'धोका मोजणं' म्हणजे नक्की काय, ते बघायला हवं. एका कामगाराला एका आठवड्यात भरपूर डोस मिळाला तर परिणाम डोळ्यांना दिसतो, कारण-परिणाम जोडता येतात. पण लाखो मुलांना वर्षानुवर्षं अगदी बारीक डोस मिळाला तर? कोणीच मरत नाही. कोणी थोडं चिडचिडं होतं, कोणाचं अभ्यासात लक्ष लागत नाही. पोरगं मठ्ठच आहे म्हणून घरचे गप्प बसतात. पहिल्या प्रकारचा धोका मोजायच्या पट्टीने दुसरा मोजता येत नाही. सर्जन जनरलच्या समितीने नेमकं तेच केलं. काही महिन्यांत अडीचशेच्या आसपास माणसं (ड्रायव्हर, गॅरेजवाले असे सगळे मोठे पुरुष) तपासली आणि जानेवारी १९२६ मध्ये सांगितलं की बंदी घालण्यासारखं काही दिसत नाही. समितीने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहिली होती. वापर वाढेल तसं चित्र बदलू शकतं, म्हणून सरकारने सार्वजनिक पैशातून अभ्यास चालू ठेवावा. कोणी ठेवला नाही. विक्री पुन्हा सुरू झाली.

तो अभ्यास पुढची चाळीस वर्षं जवळजवळ एकट्या एका ठिकाणी होत राहिला. सिनसिनाटी विद्यापीठातली केटरिंग प्रयोगशाळा, प्रमुख डॉ. रॉबर्ट किहो आणि पैसा एथिल, जनरल मोटर्स आणि ड्यूपाँट कंपन्यांचा. किहो शिवाय एथिलचे वैद्यकीय संचालकही होते.

किहोंना नुसतं 'विकला गेलेला डॉक्टर' म्हणून निकालात काढणं सोपं आहे, पण तसं नाहीये. त्यांनी कारखान्यांतली सुरक्षा खरोखरच सुधारली आणि हजारो मोजमापं केली. त्यांचं म्हणणं चार पायऱ्यांचं होतं. एक, शिसं निसर्गातच आहे, त्यामुळे ते माणसाच्या शरीरात असणं स्वाभाविक. दोन, शरीर ते आपोआप बाहेर टाकतं. तीन, एका ठराविक मर्यादेच्या खाली ते निरुपद्रवी असतं. ती मर्यादा त्यांनी ८० मायक्रोग्रॅम धरली. आणि चार, सामान्य माणूस त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे. कोणाला आक्षेप असेल तर त्याने इजा झाल्याचा पुरावा आणावा, तोपर्यंत माल विकला जाईल. पुढे या पद्धतीलाच अभ्यासकांनी किहोंचं नाव दिलं.

सगळी इमारत उभी होती पहिल्या पायरीवर. तिचा पुरावा काय? किहोंनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोत, मोटारींपासून दूर असलेल्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांची तपासणी केली. त्यांच्याही मलमूत्रात शिसं सापडलं. म्हणजे बघा, पेट्रोल नसलेल्या जागीही शिसं आहे, मग ते नैसर्गिकच! पण ती माणसं जेवत होती शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांत. त्यांच्या अन्नातही शिसं होतं. तुलनेसाठी निवडलेला 'स्वच्छ' गटच मुळात स्वच्छ नव्हता.

आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. समजा एक सर्व्हर गेली तीन वर्षं ८५ टक्के सीपीयूवर चाललाय. नवीन आलेला मुलगा विचारतो, हे असं का? सीनियर सांगतो, अरे ते नॉर्मल आहे, नेहमीच असतं. अलर्ट ९५ ला लावलेला असतो, त्यामुळे तो कधी वाजत नाही. आणि अलर्ट वाजत नाही, म्हणून सगळं ठीक आहे. सर्व्हर रिकामा असताना सीपीयू किती असतो, हे कोणी पाहिलेलंच नसतं. किहोंचा थ्रेशोल्ड तसा होता. फरक इतकाच की सर्व्हर रीस्टार्ट करता येतो.

मग रिकामा सर्व्हर कोणी पाहिला? तर पृथ्वीचं वय शोधणाऱ्या एका माणसाने, आणि तोही अपघाताने.

क्लेअर पॅटरसन (नाव बाईचं वाटलं तरी बाप्या माणूस) शिकागोत शिकणारा भू-रसायनशास्त्रज्ञ. युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं, त्यामुळे खडकातल्या शिशाचे प्रकार मोजून त्याचं वय काढता येतं. पॅटरसनकडे शिसं मोजायचं काम होतं. पण त्याचे आकडे काही केल्या जुळेनात, असायला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं यायचं. आपण एखादा बग चार दिवस स्वतःच्या कोडमध्ये शोधतो आणि तो निघतो भलतीकडेच, तसं झालं. शिसं दगडात नव्हतं. ते धुळीत होतं, नळाच्या पाण्यात होतं, काचेच्या भांड्यांत, रसायनांत, त्याच्या स्वतःच्या केसांत आणि कपड्यांत होतं. काही वर्षं घासूनपुसून त्याने कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये जगातल्या पहिल्या अतिस्वच्छ प्रयोगशाळांपैकी एक उभी केली आणि १९५६ मध्ये पृथ्वीचं वय छापलं : ४५५ कोटी वर्षं. हा आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे.

दुसरा कोणी इथे थांबला असता. पॅटरसनला प्रश्न पडला की सगळीकडे हे इतकं शिसं आलं कुठून? त्याने समुद्राचं पाणी तपासलं. वरच्या थरात खोल पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त शिसं, म्हणजे ते नुकतंच वरून पडलेलं. मग ग्रीनलंडचा बर्फ. तिथे दरवर्षीचा बर्फ थरावर थर साचत जातो, निसर्गाची लॉग फाइलच म्हणा ना. जुन्या थरांपासून वर यावं तसं शिसं वाढत जातं, आणि १९४० नंतर तर आलेख सरळ वर चढतो. इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराच्या बर्फापेक्षा १९६० च्या दशकातल्या बर्फात २०० पटींहून जास्त.

१९६५ मध्ये त्याने एक लेख लिहिला आणि त्यात दोन शब्द कायमचे वेगळे केले : 'सर्वसाधारण' आणि 'नैसर्गिक'. अमेरिकन माणसाच्या रक्तात सर्वसाधारणपणे शिसं जितकं सापडतं, ते नैसर्गिक पातळीच्या सुमारे १०० पट आहे, असं त्याचं गणित होतं. सगळ्यांमध्ये सापडतं म्हणून ते स्वाभाविक ठरत नाही, सगळेच बाधित असू शकतात. इतकी साधी गोष्ट, पण किहोंच्या पहिल्या पायरीखालची जमीनच तिने काढून घेतली.

पॅटरसनला याची किंमत मोजावी लागली. पेट्रोलियम उद्योगाच्या संस्थेकडून मिळणारा संशोधनाचा पैसा बंद झाला, सरकारी आरोग्य खात्याचाही. १९७१ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने हवेतल्या शिशावर तज्ज्ञांची समिती नेमली, तीत हे विषय सर्वांत अचूक मोजणारा माणूसच नव्हता. तरी तो मोजत राहिला. १९७९ मध्ये तर त्याने आणि सहकाऱ्यांनी पेरूमधले प्राचीन सांगाडे तपासून दाखवलं की आजच्या माणसाच्या हाडांत तेव्हाच्या कितीतरी शे पट शिसं आहे.

शिसं शरीरात करतं काय? शरीर त्याला कॅल्शियम समजतं. कॅल्शियमच्या वाटेने ते आत शिरतं, मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांमध्ये लुडबुड करतं आणि हाडांत जाऊन बसतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, हाडांतलं मात्र दशकानुदशकं मुक्कामाला असतं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार ते पाच पट जास्त भाग लहान मूल शोषून घेतं. त्यात रांगणाऱ्या पोराचा हात सतत जमिनीवर आणि मग तोंडात. थोडक्यात, अडीचशे गॅरेजवाले तपासून या पोराबद्दल काहीच कळणार नव्हतं.

या पोराबद्दल विचारलं हर्बर्ट नीडलमन यांनी. हे बालरोग आणि मनोविकार या दोन्ही विषयांतले डॉक्टर. रक्तातला आकडा फक्त गेल्या काही आठवड्यांचं सांगतो. जुना हिशोब कुठे मिळेल? पडलेल्या दुधाच्या दातांत! बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे दोन हजारांहून जास्त दात त्यांनी गोळा केले. १९७९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार दातांत जास्त शिसं असलेल्या मुलांचा बुद्ध्यांक कमी शिसं असलेल्यांपेक्षा सरासरी साडेचार गुणांनी कमी होता. यातलं एकही मूल 'आजारी' नव्हतं. कोणाच्या दातांत किती शिसं आहे हे माहीत नसताना शिक्षकांनीही त्याच मुलांना जास्त चंचल ठरवलं होतं. पुढे शिसे उद्योगाच्या बाजूने साक्ष दिलेल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी नीडलमन यांच्यावर संशोधनातल्या गैरप्रकाराचा आरोप केला, चौकशी झाली, गैरप्रकार सापडला नाही. पण माणसाची काही वर्षं त्यात गेलीच.

चार-पाच गुणांनी काय मोठंसं होतं, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही तो प्रश्न पडला, म्हणून एक स्प्रेडशीट उघडून पाहिली. बुद्ध्यांकाची सरासरी १०० आणि नेहमीचा घंटेसारखा आलेख धरला, तर एक लाखात ७० च्या खाली सुमारे २,३०० मुलं येतात आणि १३० च्या वर तितकीच. आता सरासरी फक्त ५ ने खाली सरकवा. ७० च्या खालची होतात सुमारे ४,८०० आणि १३० च्या वरची उरतात सुमारे १,०००. बुद्ध्यांक हे काही माणूस मोजायचं अंतिम माप नाही, मान्य. पण एकेका मुलात न दिसणारा फरक गावभरात किती मोठा होतो, ते यातून कळतं.

आणखी एक धक्का २००५ मध्ये बसला. सात ठिकाणच्या १,३३३ मुलांचा डेटा एकत्र करून पाहिला, तर रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर जाताना बुद्ध्यांक सुमारे ३.९ गुणांनी घसरत होता, पण १० वरून २० वर जाताना फक्त १.९ ने. म्हणजे सर्वांत मोठं नुकसान सुरुवातीलाच, आपण ज्याला 'सुरक्षित' म्हणत होतो त्याच पट्ट्यात. किहोंची तिसरी पायरीही गेली. आता जागतिक आरोग्य संघटना शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नसल्याचंच सांगते.

बरं, अमेरिकेत पेट्रोलमधून शिसं काढायला सुरुवात झाली ती काही मुलांच्या मेंदूसाठी नाही. धूर स्वच्छ करायला १९७५ च्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायला लागले आणि शिशाने त्यातलं प्लॅटिनम निकामी होतं. म्हणून आधी अनलेडेड पेट्रोल आलं. पण त्यामुळे नकळत एक भलामोठा प्रयोग होऊन गेला. १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधल्या शिशाचा वापर जवळपास निम्मा झाला आणि अमेरिकनांच्या रक्तातलं सरासरी शिसं सुमारे ३७ टक्क्यांनी उतरलं. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले तर सख्खे भाऊ वाटावेत. त्याच पाहणीनुसार एक ते पाच वर्षांच्या ८८ टक्के मुलांच्या रक्तात १० किंवा त्याहून जास्त शिसं होतं. तेव्हाची काळजीची रेघ होती ३०. म्हणजे यातली बहुतेक मुलं कागदोपत्री ठणठणीत!

आता आपल्याकडे येऊ. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्यांसाठी अनलेडेड पेट्रोल आलं (पुन्हा प्लॅटिनमसाठीच!) आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेवालं पेट्रोल बंद झालं. माझा जन्म १९९७ चा, ठाण्याचा. बाबांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून, हँडलला धरून एलबीएस रोडवरचा धूर खात फिरणं हा माझा पहिल्या अडीच वर्षांतला आवडता कार्यक्रम, असं आई सांगते. त्यामुळे पुढचा अभ्यास वाचताना जरा थबकलो. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचं रक्त शिशासाठी तपासलं होतं. १,०८१ मुलांच्या आकड्यांचं विश्लेषण २००६ मध्ये छापून आलं. ७६ टक्के मुलं ५ ते २० च्या मध्ये. ही सगळी माझ्याच वयाची मुलं. आमच्या बॅचची म्हणा ना. यातली कितीतरी आज माझ्यासारखीच लोकलला लटकून ऑफिसला जात असतील आणि तेव्हाचं काही शिसं अजूनही हाडांत घेऊन फिरत असतील.

चांगली बातमी अशी, की मुंबईत १९९७ च्या चाचण्यांत सुमारे ६२ टक्के मुलं १० च्या वर होती. शिसेवालं पेट्रोल गेल्यानंतरच्या अभ्यासात ते प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर आलं. कोणालाही एक गोळी न देता. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथलं शिसेवालं पेट्रोल जुलै २०२१ मध्ये संपलं.

पण ३३ म्हणजे शून्य नव्हे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा, की जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं आहे आणि त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतात. पेट्रोल गेलं तरी बाकीचे रस्ते उघडे आहेत. जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर वितळवणं हा मोठा रस्ता. रंग पिवळाधमक दिसावा म्हणून हळदीत मिसळलेलं लेड क्रोमेट हा दुसरा. बांगलादेशात २०१९ मध्ये यावर कडक कारवाई झाली आणि दोन वर्षांत बाजारातल्या हळदीतून ते जवळजवळ नाहीसं झालं, म्हणजे मनात आणलं तर जमतं. घरगुती रंगांत ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण भिंतीवरचे आधीचे थर आहेत तिथेच आहेत. आणि आपला पारंपरिक शेंदूर? तो तर शिशाचं ऑक्साइडच. देवाला लावा, पण पोराच्या तोंडात जाऊ देऊ नका.

गेल्या महिन्यात बहिणीच्या डोंबिवलीच्या जुन्या घरात दारं-खिडक्या घासून रंगकाम झालं. घरभर भुगा, आणि भाची दीड वर्षांची. त्यांच्या डॉक्टरांनी सहज म्हणून शिशाची तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट आला ६.२. शेजारी लॅबने छापलं होतं, '१० पेक्षा कमी : नॉर्मल'. आकडा काळ्या अक्षरात, ठळकही केला नव्हता. डॉक्टर शहाणे, त्यांनी छापील रेंजकडे न बघता आकड्याकडे पाहिलं. घर कोरडं न झाडता ओल्या फडक्याने पुसा, उरलेला भुगा काढा, लोह आणि कॅल्शियम पोटात जाऊ द्या, तीन महिन्यांनी परत तपासू, असं सांगितलं. दुसरे एखादे डॉक्टर असते तर 'नॉर्मल' वाचून फाइल बंद झाली असती.

आणि हो, ते ३.५ सुद्धा 'सुरक्षित' नाहीच. अमेरिकेतल्या एक ते पाच वर्षांच्या दर १०० मुलांपैकी सर्वांत जास्त शिसं असलेली अडीच मुलं जिथून सुरू होतात, तिथे मारलेली ती रेघ आहे. म्हणजे पुन्हा 'सर्वसाधारण'पासूनच मोजलंय. उद्योगधंदे सुरू होण्याआधीच्या माणसाच्या रक्तात किती शिसं असावं, याचा अंदाज १९९२ मध्ये रसेल फ्लेगल आणि एका सहकाऱ्याने काढला होता : ०.०१६. आजची रेघसुद्धा त्याच्या दोनशे पटींहून वर आहे. फरक इतकाच, की आता ही रेघ मारणारे लोक तिला निर्धोक म्हणत नाहीत, कुठल्या मुलांकडे आधी धावायचं एवढंच त्यावरून ठरवतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही रिपोर्टवर 'नॉर्मल रेंज' दिसली, मग तो रक्ताचा असो, पाण्याचा असो की हवेचा, तर दोन प्रश्न विचारून ठेवा. ही रेंज कोणाला मोजून ठरवली? आणि ती कोणत्या सालची आहे? उत्तर लगेच मिळणार नाही बहुतेक, पण विचारायला पैसे पडत नाहीत. भाचीची पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे. तोवर ताईकडे रोज ओलं फडकं चालू आहे, आणि जावईबापूंना पहिल्यांदाच लादी पुसताना बघितलंय. असो. भेटू पुढच्या वीकेंडला.